घरच्या अँटेनावर फुकट चॅनेल : न्यू जर्सीतल्या प्लेन्सबोरोत ना धड न्यूयॉर्क, ना धड फिलाडेल्फिया

प्लेन्सबोरोकर
मंडळी, पहिल्या वर्षाची सवलत संपली आणि केबलचं बिल असं काही वर गेलं की बायको म्हणाली, टीव्हीच विकून टाक. टीव्ही ठेवला, केबल तोडली. इंटरनेट आहे, पण सांगलीहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. बाबांना संध्याकाळच्या बातम्या आणि त्यातलं हवामान हवं म्हणजे हवं. मुलाला रविवारचं फुटबॉल. ही चॅनेलं हवेत फुकट फिरत असतात एवढं ऐकून होतो, म्हणून कागदासारखा चपटा अँटेना आणला. खोक्यावर '२०० मैल' असं ठळक छापलंय.

पूर्वेच्या खिडकीला चिकटवून स्कॅन केलं. सकाळी १४ चॅनेल, रात्री ३. त्या तिनांत एक दागिने विकणारं. २ नंबर अधूनमधून दिसतो, ७ नंबर अजिबात नाही. टाउनहाउस आहे, डोक्यावर माळा आहे. सिग्नल वाढवणारा बूस्टर घ्यावा का?

तारायंत्र
बूस्टर घेऊ नका. निदान आधी नको.

खोक्यावरचे मैल विसरा. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. साठ-सत्तर मैलांपुढे मनोरा क्षितिजाखाली जातो, मग अँटेना सोन्याचा असला तरी उपयोग नाही. तुम्हाला २०० मैल नकोच आहेत. रॅबिटइअर्स डॉट इन्फो या साइटवर आपला पत्ता टाका. कुठला मनोरा कुठल्या दिशेला, किती लांब, सिग्नल किती जोमदार, सगळी यादी मिळेल. मी प्लेन्सबोरोचा अंदाज घेतला : न्यूयॉर्कचे मनोरे ईशान्येला चाळीसएक मैलांवर, फिलाडेल्फियाचे रॉक्सबरोला, म्हणजे नैर्ऋत्येला, तेही जवळपास तितकेच. तुम्ही बरोबर मध्यावर आहात.

आता ७ नंबरचं. पडद्यावर दिसतो तो चॅनेल नंबर ही नुसती पाटी असते. २००९ साली डिजिटल झाल्यावर स्टेशनं प्रत्यक्षात दुसऱ्याच नंबरांवर गेली, पण लोकांच्या सवयीसाठी जुनी पाटी राहिली. न्यूयॉर्कचा '२' आज खरा ३६ वर आहे, म्हणजे यूएचएफ, आखूड लहरींचा वरचा पट्टा. '७' मात्र खरोखर ७ वरच आहे, म्हणजे व्हीएचएफ, लांब लहरींचा खालचा पट्टा. तुमचा कागदी अँटेना यूएचएफच्या मापाचा आहे.

माप म्हणजे काय तर अँटेनाची लांबी लहरीच्या निम्मी असावी. यूएचएफला पाऊण ते एक फूट पुरतो. ७ नंबरला टोकापासून टोकापर्यंत साधारण ८० सेंटीमीटर लागतात. त्या कागदात तेवढी जागाच नाही.

खिडकीतला_कावळा
गंमत सांगतो. न्यूयॉर्कचं सार्वजनिक चॅनेल पाटीवर १३, प्रत्यक्षात १२ वर. फिलाडेल्फियाचं सार्वजनिक चॅनेल पाटीवर १२, प्रत्यक्षात १३ वर. दोघांनी एकमेकांची घरं घेतलीत आणि दारावरच्या पाट्या तशाच ठेवल्यात. पुण्याच्या वाड्यात पत्ता शोधतोय असं वाटतं.

प्लेन्सबोरोकर
तारायंत्र, भारी माहिती. पण मग दोन दिशांना दोन अँटेने लावायचे का? आणि छतावर लावायचं तर कॉलनीतल्या घरमालकांच्या असोसिएशनवाले फाडून खातील. गेल्या वर्षी दारावरच्या आकाशकंदिलावरून पत्र आलं होतं.

जर्सीतली_मावशी
अरे, असोसिएशनला घाबरू नकोस. एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचा, १९९६ पासूनचा नियम आहे. जी जागा फक्त तुझ्या वापरात आहे, म्हणजे तुझी बाल्कनी, तुझं अंगण, तिथे स्थानिक टीव्हीचा अँटेना लावायला असोसिएशन मनाई करू शकत नाही. भाडेकरूलाही तो नियम आहे. मात्र टाउनहाउसचं छत बऱ्याच ठिकाणी सामायिक मालकीचं असतं आणि तिथे हे संरक्षण चालत नाही. आपली कागदपत्रं वाच. माळ्यावर लावलास तर कोणाला विचारायचीच गरज नाही.

मी एडिसनला १९९० पासून आहे. सुरुवातीला आमच्याकडे केबल नव्हतीच, परवडायची नाही. टीव्हीवर सशाचे कान, म्हणजे दोन दांड्यांचा अँटेना, आणि त्यांच्या टोकांना गुंडाळलेली अॅल्युमिनियमची फॉइल. न्यूयॉर्कची बहुतेक स्टेशनं तेव्हा वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यावर होती. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी बातम्या बघता बघता एकेक चॅनेल गेलं. फक्त मुंग्या. मोठ्यांपैकी २ नंबर तेवढा राहिला, कारण त्यांनी एम्पायर स्टेटवर राखीव ट्रान्समीटर ठेवला होता. त्या मनोऱ्यावर कामावर असलेले सहा टीव्ही अभियंते गेले. केबलवाल्या मैत्रिणींना हे कळलंच नाही, त्यांच्याकडे सगळं चालू होतं. पुढे काही स्टेशनं हडसनच्या अलीकडे, आपल्याच जर्सीत, अल्पाइन गावच्या जुन्या मनोऱ्यावरून तात्पुरती सुरू झाली. एफएम रेडिओवाल्या आर्मस्ट्राँगने १९३०च्या दशकात उभारलेला मनोरा तो. तेव्हापासून 'टीव्ही गेला' म्हणजे काय, याचा अर्थ माझ्यापुरता बदलला.

तारायंत्र
मावशी, हे ठाऊक नव्हतं. धन्यवाद.

मुळा_मुठा
विषयाला थोडा फाटा. आमच्या लहानपणी पुण्यात सगळ्या गच्च्यांवरचे अँटेने सिंहगडाकडे तोंड करून उभे असायचे. १९७३ मध्ये तिथे सहक्षेपण सुरू झालं आणि मुंबई दूरदर्शन पुण्यात दिसायला लागलं. नवख्या पाहुण्याला दिशा सांगायची तर 'अँटेना बघ, तिकडे सिंहगड'. वादळ झालं की भाऊ गच्चीत, मी जिन्यात, आई टीव्हीपाशी. "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं!" मधला निरोप्या मी.

प्रश्न असा की गच्चीवर तो आडव्या काड्यांचा अँटेना, यागी, अजून आहे. इथे पुण्यात तो जोडून काही दिसेल का?

खिडकीतला_कावळा
नाही. दूरदर्शनची जमिनीवरची अॅनालॉग केंद्रं मार्च २०२२ पर्यंत जवळपास सगळी बंद झाली, सरहद्दीसारख्या मोक्याच्या ठिकाणची पन्नासएक सोडून. मुंबई, औरंगाबादसारख्या काही शहरांत २०१६ मध्ये डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं होतं, पण त्याला वेगळा ट्यूनर लागतो आणि तो कोणाच्या घरी मी पाहिलेला नाही. फुकट हवं तर डीडी फ्री डिश. ती उपग्रहाची तबकडी आहे, तुमच्या यागीचा तिच्याशी संबंध नाही. यागी कावळ्यांसाठी राहू द्या. माझी शिफारस आहे.

बे_एरियावाली
आमच्याकडे वेगळंच रडगाणं. सॅन फ्रान्सिस्कोत सुट्रो टॉवर आहे, ९७७ फूट, १९७३ पासून. पण टेकडीपलीकडे राहत असाल तर मैल कितीही कमी असोत, काही येत नाही. मी सॅन रमोनला, अँटेना लावला आणि परत केला. शेजारच्या गल्लीतल्या टेकाडावर राहणाऱ्या बाईंकडे पन्नासच्या वर चॅनेल! तेव्हा प्लेन्सबोरोकर, तुमच्याकडे जमीन सपाट आहे हे नशीब समजा.

शिकागोचा_वारा
शिकागोतही २ नंबर असाच छळतो. पाटी २, प्रत्यक्षात १२, व्हीएचएफ. सगळे कागदी अँटेनावाले तिथेच अडकतात. दुकानदार कधी सांगत नाही.

तारायंत्र
प्लेन्सबोरोकर, दोन दिशांचं उत्तर सोपं निघतंय. तुमच्या दोन्ही दिशा जवळपास समोरासमोर आहेत, ईशान्य आणि नैर्ऋत्य. फुलपाखराच्या पंखांसारख्या चार जोड्यांचा अँटेना मिळतो, चार-बे. त्याच्या मागे जाळी असते. जाळी मागून येणारा सिग्नल अडवते आणि पुढचा वाढवते. ती जाळी काढून टाका. मग तो पुढूनही ऐकतो आणि मागूनही, इंग्रजी ८ सारखा. जोर थोडा कमी होतो, पण तुमच्या अंतराला चालेल. एकच अँटेना, एक तोंड न्यूयॉर्ककडे, पाठ फिलाडेल्फियाकडे.

व्हीएचएफसाठी सोबत साधे सशाचे कान, आडवे पसरून. तेही दोन्ही बाजूंनी ऐकतात. दोन्ही जोडायला यूएचएफ-व्हीएचएफ कंबायनर घ्या. नेहमीचा स्प्लिटर उलटा लावू नका, त्यात दोन्हीकडचा सिग्नल निम्मा वाया जातो. तिथून एकच आरजी-६ केबल खाली टीव्हीपर्यंत. एकाच टीव्हीला जोडून स्कॅन करा. तीन टीव्हींना वाटायचं असेल, लांब केबल असेल, तेव्हा बूस्टरचा विचार. जवळ एखादा जोरदार ट्रान्समीटर असला तर बूस्टर त्यालाच फुगवतो आणि बाकी सगळे बुडतात.

माळ्यावर एक बघा : छताच्या आतून चकचकीत फॉइलचं इन्सुलेशन असेल तर लहर आत येणारच नाही. नुसता कापूस किंवा लाकूड असेल तर उत्तम. बाहेर खांबावर लावणार असाल तर अर्थिंग विसरू नका. वीज पडण्यापेक्षा हवेतला स्थिर भार निघून जायला ते जास्त कामाला येतं.

एकारान्त
एवढं करण्यापेक्षा स्ट्रीमिंग घ्या की. लाइव्ह चॅनेलांचं पॅकेज मिळतं.

प्लेन्सबोरोकर
एकारान्त, त्या पॅकेजची किंमत बघितलीत? केबलच पुन्हा मागच्या दाराने घरात येते.

शिकागोचा_वारा
शिवाय चित्र. हवेतून एका चॅनेलला १९.३९ मेगाबिट प्रतिसेकंद मिळतात. केबलवाले शेकडो चॅनेलं कोंबायला तेच चित्र आणखी दाबतात. फुटबॉलमध्ये गवताची पात दिसते की हिरवा गोळा, फरक तिथे कळतो. आता बऱ्याच स्टेशनांनी मुख्य चॅनेलासोबत जुन्या मालिकांची चार-पाच उपचॅनेलं ठेवलीत, त्यामुळे फरक पूर्वीइतका नाही. तरी आहे.

स्लाउची_सून
इकडे विलायतेत अँटेनाला एरियल म्हणतात, आमचा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मनोऱ्याकडे वळलेला. चॅनेलं हवेतून येतात पण फुकट नाहीत, टीव्ही लायसन्स भरावं लागतं. सासरे म्हणतात, आपल्याकडेही रेडिओचं लायसन्स पोस्टात भरायचो, तेव्हा मला नवल वाटत नाही.

प्लेन्सबोरोकर
रिपोर्ट देतो. शनिवारी माळ्यावर चढलो. नशिबाने फॉइल नाही. जूनमधला माळा म्हणजे भट्टी, सकाळी आठला घामाने अंघोळ. चार-बेची जाळी काढली (बायको : "नवीन वस्तू आणून आधी मोडतोस का?"), वाशाला दोरीने टांगला. फोनच्या होकायंत्राने ईशान्य साधली. सशाचे कान जुन्या सामानाच्या दुकानात तीन डॉलरला.

खाली टीव्हीपाशी बाबा, जिन्यात मुलगा. मी वरून ओरडतोय "आलं का?" आणि बाबा खालून जोरात "गेलं!" मुळा_मुठा, तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला होता, त्यामुळे त्यांना भूमिका पाठ होती. मुलगा म्हणाला, फोन स्पीकरवर का नाही ठेवत? बाबा म्हणाले, त्याला मजा नाही.

पहिलं स्कॅन : ६८ चॅनेल! दोन्ही शहरांची. २, ४, ५, ९, ११, १३ न्यूयॉर्कची, ३, १०, १२, २९ फिलीची. पण दोन अडचणी. ७ नंबर रात्री आठनंतर चौकोन-चौकोन होऊन जातो. आणि फिलीचा ६ येतच नाही.

मुळा_मुठा
"त्याला मजा नाही." बाबांना माझा नमस्कार सांगा.

तारायंत्र
६८ म्हणजे झालंच की! आता ६. फिलाडेल्फियाचा ६ नंबर प्रत्यक्षातही ६ वरच आहे. ८२ ते ८८ मेगाहर्ट्झ. त्याच्या डोक्यावर लगेच एफएम रेडिओचा पट्टा सुरू होतो. जुन्या काळी त्याचा आवाज गाडीतल्या रेडिओवर ८७.७ ला ऐकू यायचा. लहर एवढी लांब की अँटेना साडेपाच फुटांचा हवा. ७ साठी आपण कान ८० सेंटीमीटरवर ठेवले, ते ६ ला निम्मेच पडतात. पूर्ण ताणलेत तर ६ येईल, पण ७ बिघडेल.

यावर माझा सल्ला : ६ सोडा. ६ आणि ७ दोन्ही एबीसी या देशभरच्या नेटवर्कचीच स्टेशनं आहेत, संध्याकाळच्या मुख्य बातम्या तर तंतोतंत त्याच. फरक फक्त स्थानिक बातम्यांचा.

७ रात्री जातो, तर विचारा स्वतःला की रात्री घरात काय चालू होतं? माझा संशय एलईडी दिव्यांवर. स्वस्त दिव्यांतली छोटी सर्किटं व्हीएचएफच्या पट्ट्यात कचरा ओकतात. खाली एक जण टीव्हीपाशी, दुसऱ्याने एकेक दिवा बंद करायचा.

जर्सीतली_मावशी
रात्रीचं आणखी एक असतं. उन्हाळ्यात गरम हवेचा थर वर बसला की लांबची स्टेशनं येऊन जवळच्यांवर आदळतात. कोकणात आमच्या मामांकडे उन्हाळ्यात मुंबईच्या जागी मधूनच दुसरीच अनोळखी चित्रं उमटायची, समुद्रावरून. मामा म्हणायचे, वाऱ्याने वाट चुकली. पण रोज ठरल्या वेळी जातंय म्हणजे दिवाच असेल.

एकारान्त
एक शंका. ते नवीन 'नेक्स्टजेन' का काय येतंय, एटीएससी ३.० ही प्रक्षेपणाची नवी पद्धत, त्यात हा सगळा खटाटोप फुकट जाणार ना? मग आत्ता पैसे कशाला घाला?

तारायंत्र
अँटेना तोच चालतो, लहरी त्याच पट्ट्यातल्या आहेत. ट्यूनर बदलावा लागेल. एफसीसीने २०१७ मध्ये त्याला परवानगी दिली, पण सक्ती केली नाही, आणि जुनं प्रक्षेपण चालूच आहे. मला चीड एकाच गोष्टीची येते : नव्या पद्धतीत बऱ्याच स्टेशनांनी सिग्नलला कुलूप लावलंय. हवा सार्वजनिक, लहरी सार्वजनिक, आणि किल्ली त्यांच्याकडे. मी घरात एचडीहोमरनचा नेटवर्क ट्यूनर वापरतो, सगळ्या खोल्यांत वायफायवर चॅनेलं दिसतात, पण कुलूपवाली ३.० त्यावर उघडत नाहीत. तेव्हा आज एटीएससी १ चा, म्हणजे जुन्याच पद्धतीचा, ट्यूनर असलेला साधा टीव्ही पुरे.

बे_एरियावाली
आणि अधूनमधून पुन्हा स्कॅन करत राहा. २०१७ च्या लहरींच्या लिलावात वरची चॅनेलं फोन कंपन्यांना गेली, २०२० पर्यंत स्टेशनांची हलवाहलव चालली होती. माझ्या आत्याने तेव्हा 'अँटेना बिघडला' म्हणून फेकून दिला. नुसतं स्कॅन करायचं होतं.

प्लेन्सबोरोकर
दिवा सापडला! स्वयंपाकघरातल्या ओट्यावरची एलईडी पट्टी, गेल्या दिवाळीत मीच हौसेने लावलेली. चालू केली की ७ नंबरचे चौकोन, बंद केली की लख्ख. तारायंत्र, साष्टांग नमस्कार. चांगल्या कंपनीचा दिवा मागवलाय.

पण ६ नंबरवर बाबा ऐकायला तयार नाहीत. मी सांगितलं, ६ आणि ७ एकच. ते म्हणाले, बातम्या एक असतील, हवामान एक नाही. "ढग इथे पश्चिमेकडून येतात. आधी फिलाडेल्फियावर पाऊस पडणार, मग आपल्यावर, मग न्यूयॉर्कला. जो पाऊस आपल्यावरून गेलाय तो न्यूयॉर्कवाल्यांकडून ऐकून मी काय करू?" आयुष्यभर द्राक्षाची बाग केलेला माणूस, पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

आता सहाच्या ठोक्याला मुलगा माळ्यावर चढून कान पूर्ण ताणतो आणि साडेसहाला परत ८० सेंटीमीटरवर आणतो. वाशावर पेन्सिलीने दोन खुणा केल्यात. काल पाऊस सव्वासहाला येणार म्हणाले, सहा वाजून दहाला आला. बाबांनी कपडे आधीच आत घेतले होते.